नॉर्वेजियनमधले लांबलचक शब्द: तोडायचे कुठे आणि जोर द्यायचा कुठे?

उंबरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नॉर्वेत येऊन दोन वर्षं झाली, ओस्लोपासून ट्रेनने अर्ध्या तासावर राहतो, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. भाषेचा क्लास चालू आहे आणि वाचायला आता बऱ्यापैकी जमतं असं वाटत होतं.

मागच्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी सकाळी मुलीला घसरगाडीवर बसवून तिच्या बार्नेहागेच्या (म्हणजे बालवाडीच्या) फाटकाशी पोचलो तर फाटकाला कडी. आत दिवे चालू, शिक्षक खिडकीतून दिसतायत, पण मूल एकही नाही. दोन आठवडे आधी मेसेज आला होता आणि मी तो वाचलाही होता. त्यात एक शब्द होता, प्लानलेग्गिंग्सदाग. मी तो कुठल्यातरी कार्यक्रमाचं नाव समजून पुढे गेलो होतो. तोडला असता तर लगेच कळलं असतं, प्लान-लेग्गिंग म्हणजे नियोजन, मग एक स, मग दाग म्हणजे दिवस. नियोजनाचा दिवस, त्या दिवशी शिक्षक बसून पुढचं ठरवतात आणि मुलांना सुट्टी. एकही तुकडा मला नवीन नव्हता! तिन्ही माहीत होते आणि तरी शब्द कळला नाही, हे मला फार लागलं.

त्या दिवसापासून दिसेल तो शब्द तोडायला लागलो. तान्लेगे दात-डॉक्टर. द्यूरलेगे प्राणी-डॉक्टर. स्यूकेहूस आजारी-घर म्हणजे हॉस्पिटल. स्तोव्हसूगेर धूळ-चोखणारा, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. वाचताना आता जमतं.

पण बोलताना दुसरंच काहीतरी होतंय. शेजाऱ्याला सांगत होतो की आमचे नॉर्वेजियन शिकवणारे सर पोलंडचे आहेत. मी म्हटलं 'नॉर्श्क लॅरेर', दोन्ही शब्द सारख्याच वजनाने, आपण मराठीत म्हणू तसे. तो गोंधळला, म्हणाला तुझे सर नॉर्वेजियन आहेत ना, मग पोलंडचे कसे? मी तेच वाक्य तीन वेळा म्हटलं आणि तिन्ही वेळा त्याला तेच ऐकू आलं. शेवटी त्याने स्वतःच म्हणून दाखवलं, 'नॉर्श्कलॅरेर', सगळा जोर नॉर्श्कवर आणि पुढचं लॅरेर जरा खाली दबलेलं. ते म्हणजे नॉर्वेजियन शिकवणारा. मी म्हणत होतो ते म्हणजे नॉर्वेजियन माणूस, जो शिक्षक आहे.

तर प्रश्न असा की हा जोर नक्की कुठे पडतो, याला काही नियम आहे का, आणि मधले ते स नि ए कुठून येतात? जे तिथे राहतात किंवा भाषा शिकलेत त्यांनी प्लीज लिहा.

(देवनागरीत लिहितोय त्यामुळे उच्चार जवळपासचे समजा. तिकडचे दोन-तीन स्वर आपल्याकडे नाहीतच.)

---

गोदाकाठ

उंबरा, चांगला धागा काढलात. मी ट्रॉनहाइमला अकरा वर्षं आहे, त्यातली पहिली तीन याच गोष्टीत गेली.

पहिलं म्हणजे उजवीकडून वाचायची सवय लावा. शेवटचा तुकडा म्हणजे ती वस्तू, आधीचं सगळं तिचं वर्णन. स्कूलेबार्न म्हणजे शाळेत जाणारं मूल, आणि तेच तुकडे उलटे केले की बार्नेस्कूले म्हणजे मुलांची शाळा, प्राथमिक. ओल्फ्लास्के म्हणजे बिअरची बाटली, फ्लास्केओल म्हणजे बाटलीतली बिअर. शेवटचा तुकडा बदलला की वस्तूच बदलली.

लिंगसुद्धा शेवटचा तुकडाच ठरवतो. हूस नपुंसकलिंगी म्हणून स्यूकेहूसही नपुंसकलिंगी. हागे (बाग) पुल्लिंगी आणि बार्न नपुंसकलिंगी, तरी बार्नेहागे पुल्लिंगीच. अनेकवचन, 'तो अमुक' दाखवणारा प्रत्यय, सगळं शेवटी लागतं. त्यामुळे नवीन लांब शब्द दिसला की त्याचं लिंग वेगळं पाठ करायचं नाही, शेवट बघायचा. मला हे कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर दोन वह्या वाचल्या असत्या.

आता जोर. साध्या जोडलेल्या शब्दात मुख्य जोर पहिल्या तुकड्यावर आणि दुसऱ्यावर दुय्यम जोर. दुय्यम म्हणजे जोर गेला असं नाही, तो तुकडा खाऊन टाकायचा नाही, नुसता एक पायरी खाली. आणि दोन सुटे शब्द असतील, म्हणजे विशेषण आणि नाम, तर दोन्हींना आपापला पूर्ण जोर, आणि बहुतेक वेळा वाक्यात नामावर जास्त वजन येतं. तुमचं तेच झालं. स्तूर ब्यू असं दोन जोर देऊन म्हटलं तर मोठं शहर, आणि स्तूरब्यू एका जोरात म्हटलं तर महानगर.

---

पाटीपेन्सिल

मी नाशिकला असते, मराठी शिकवून निवृत्त झाले. लेक स्टाव्हांगेरला आहे, तिच्याकडे दोनदा तीन-तीन महिने राहून आले आणि नातवाच्या नादाने थोडं शिकले. भाषेवरचा धागा दिसला म्हणून थांबले.

उंबरा, आधी एक नावाचा मुद्दा. खाली कोणी याला जोडशब्द म्हणेल, पण आपल्या व्याकरणात जोडशब्द म्हणजे अधूनमधून, शेजारीपाजारी असले. तुम्ही जे लिहिलंय ते सरळ सामासिक शब्द आहेत आणि बहुतेक तत्पुरुष. देवघर म्हणजे देवाचं घर, दुसरं पद महत्त्वाचं. बार्नेहागे मुलांची बाग, तेच. म्हणजे रचना आपल्याला परकी नाहीच.

आणि तुमचा नॉर्वेजियन सरांचा घोटाळा मराठीत रोज होतो, फक्त आपल्या लक्षात येत नाही. 'मराठी शिक्षक पाहिजेत' या जाहिरातीत मराठी विषय शिकवणारे हवेत की मराठी माणूस हवाय? आपण दोन्ही एकाच सुरात म्हणतो आणि संदर्भावर सोडून देतो. त्यांच्याकडे ते काम जोर करतो. मला हे फार आवडलं.

आपल्याकडे पहिलं पद झिजतं. घोडा चं घोडदळ, पाणी चं पाणपोई, फूल चं फुलपाखरू. लेकीच्या घरी नातवाच्या चित्रांच्या पुस्तकात हिप्पोचं चित्र होतं, खाली फ्लूडहेस्त. विचारलं तर म्हणाली नदी-घोडा. मी म्हटलं अगं आपला पाणघोडा! आपण पाणी झिजवून पाण केलं, त्यांनी काही झिजवलं नाही. हे मधले स आणि ए मात्र मलाही समजून घ्यायचेत.

---

गोदाकाठ

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या 'देवाचं घर' मधला 'चं', म्हणजे षष्ठीचा धागा बरोबर आहे, स मुळात षष्ठीचाच. जुन्या भाषेत 'चा-ची-चे' साठी एकवचनी नामाला स लागायचा, अनेकवचनाला आ लागायचा. तो आ झिजून बऱ्याच शब्दांत ए झाला, आणि काही ए जर्मनकडच्या शब्दांच्या वळणावर आले. आता त्यात 'चा' असा अर्थ कोणाला जाणवत नाही, नुसता सांधा उरलाय.

नियम म्हणून शंभर टक्के काही नाही, पण एवढं लक्षात ठेवलं की पुष्कळ भागतं. पहिला तुकडा काही ठराविक प्रत्ययांनी संपत असेल, हेत, दोम, स्काप, इंग, शून, तेत, सेल, तर स येतो. फ्रीहेत्सकाम्प म्हणजे स्वातंत्र्यलढा. उंगदोम्सस्कूले म्हणजे आठवी ते दहावीची शाळा. फोदसेल्सदाग म्हणजे जन्मदिवस. तुमच्या प्लानलेग्गिंग्सदागमधला स त्या इंगमुळे.

दुसरा स जास्त सुंदर आहे. पहिला तुकडा स्वतःच दोन तुकड्यांचा असेल तर तिथे अनेकदा स येतो. व्हीनग्लास म्हणजे वाइनचा पेला, मध्ये काही नाही. पण रेड वाइनचा पेला म्हणजे रोव्हीन्सग्लास, मध्ये स. तो स सांगतो की रो आणि व्हीन आधी एकत्र आलेत आणि मग त्यांना ग्लास लागलाय. म्हणजे वाइन लाल आहे, पेला लाल नाही. तसंच बूरलाम्पे म्हणजे टेबललॅम्प, पण लिहायच्या टेबलावरचा असेल तर स्क्रीव्हेबूर्सलाम्पे. लांब शब्दात स दिसला की बहुतेक वेळा मोठा सांधा तिथेच असतो. मी वाचताना आधी स शोधतो.

ए मात्र शब्दाशब्दाने शिकावा लागतो. यूलेत्रे (नाताळचं झाड), यूलेनिस्से (नाताळबाबा), पण यूलआफ्तेन (नाताळची संध्याकाळ), कारण पुढे स्वर आला.

---

कोकणकडा

पुण्यात जर्मन शिकतोय, बी२ ला आहे, नॉर्वेजियन येत नाही पण हे वाचून राहवलं नाही. जर्मनमध्ये हाच खेळ आहे, आणि बार्नेहागे हा शब्द तर किंडरगार्टनवरूनच केलेला, मुलांची बाग जशीच्या तशी.

एक विचारायचंय. जर्मनमध्ये १९९६ च्या सुधारणेनंतर जोडताना तीन सारखी व्यंजनं आली तर तिन्ही लिहितात, जहाजवाहतुकीच्या शब्दात लागोपाठ तीन फ येतात, बघायलाच विचित्र वाटतं. नॉर्वेजियनमध्ये काय करतात? आणि गोदाकाठ, स चा तुमचा दुसरा नियम बरोबर असेल तर फुटबॉलच्या बुटांना काय म्हणतात? फुटबॉल पण दोन तुकड्यांचा आहे.

---

गोदाकाठ

अचूक जागा पकडलीत. बुटांना फूतबाल्स्कू म्हणतात आणि लिहिताना मध्ये स नाही, तो स बुटाच्या स्कू मधला आहे. म्हणून मी 'अनेकदा' म्हटलं. फुटबॉल हा शब्द लोकांच्या कानाला आता अख्खाच लागतो, पाय आणि चेंडू असा कोणी ऐकत नाही. बार्नेहागेसारखा ए ने संपणारा शब्द असेल तरीही स येत नाही, बार्नेहागेलॅरेर म्हणजे बालवाडीचे शिक्षक.

तीन व्यंजनांचं म्हणाल तर इथे दोनच लिहितात. रात्र म्हणजे नात्त, लिहिताना दोन त, आणि ट्रेन म्हणजे तोग. रात्रीची ट्रेन नात्तोग, तीन त झाले असते पण लिहायचे दोन. बस आणि स्टॉप मिळून बुस्तोप, तिथेही तीन स ऐवजी दोन. गंमत म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर तिसरा परत येतो, नात्त वर एक रेघ आणि खाली तोग.

---

धुकं_आणि_पाऊस

बर्गनहून. तुम्ही सगळे लिहिण्यात रमलात, पण उंबरांचा प्रश्न बोलण्याचा आहे. त्यात जोराबरोबर सूरही येतो आणि ते कोणी बोललंच नाही.

नॉर्वेजियनच्या बहुतेक बोलींत जोर असलेल्या शब्दाला दोनपैकी एक सूर असतो, त्याला तोनेम म्हणतात, पहिला आणि दुसरा. लोव्हेन म्हणजे कायदा आणि लोव्हेन म्हणजे धान्याचं कोठार, स्पेलिंग वेगळं पण आवाज तेच, फरक फक्त सुराचा. बोन्नेर म्हणजे शेतकरी किंवा बोन्नेर म्हणजे घेवड्याच्या बिया, तिथेही तेच. ओस्लोकडे पहिल्या सुरात जोराचं अक्षर खालून सुरू होऊन वर जातं, दुसऱ्यात वरून सुरू होऊन खाली येतं आणि शेवटी परत चढतं. आमच्याकडे बर्गनला पहिल्या सुरात जोराचं अक्षरच वर असतं, म्हणून ओस्लोचा माणूस आणि बर्गनचा माणूस तोच शब्द म्हणतो आणि चाल उलटी वाटते. फिनमार्कच्या बऱ्याच भागांत आणि इथे बर्गनच्या उत्तरेच्या काही गावांत तर हा फरकच नाही, सगळं एकाच सुरात.

सामासिक शब्दाचं महत्त्व इथे की कितीही लांब शब्द असो, त्याला सूर एकच. बार्नेहागे मध्ये बार्नेला एक आणि हागेला दुसरा असं होत नाही, पूर्ण शब्दावरून एकच लाट जाते. कान त्यावरूनच ओळखतो की हा एक शब्द आहे. स्टॉकहोमकडच्या स्वीडिशमध्ये तर जवळजवळ सगळे सामासिक शब्द दुसऱ्याच सुरात म्हणतात. नॉर्वेत तसं सरसकट नाही, पहिल्या तुकड्यावर ठरतं, पण मध्ये ए असेल, बार्नेहागे, यूलेत्रे, तर बहुधा दुसरा.

माझा अनुभव सांगते. सुरावरून मला आजपर्यंत कोणी चुकीचं समजलं नाही, कायदा आणि कोठार एकाच वाक्यात येतात कधी? पण जोर चुकीच्या तुकड्यावर दिला की समोरचा थांबतोच. त्यामुळे आधी जोर पक्का करा, सूर आपोआप आजूबाजूच्या लोकांसारखा व्हायला लागतो.

---

उंबरा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक अडलंय. पहिल्या तुकड्यावर जोर म्हणजे पहिल्या अक्षरावर असं धरून मी काल पोलीस स्टेशनला 'पोऽलितीस्ताशून' म्हटलं तर बायको म्हणाली क्लासमध्ये मॅडम असं म्हणत नाहीत.

---

गोदाकाठ

वहिनींचं बरोबर आहे. जोर पहिल्या तुकड्यावर, पण त्या तुकड्याचा स्वतःचा जोर जिथे असतो तिथेच. मूळ नॉर्वेजियन शब्दांचा जोर बहुतेक वेळा पहिल्या अक्षरावरच असतो म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. बाहेरून आलेल्या शब्दांचा जोर पुष्कळदा शेवटी असतो. पोलिती चा 'ती' वर, बानान चा 'नान' वर, उनिव्हर्सितेत चा शेवटच्या 'तेत' वर. मग पोलितीस्ताशून मध्ये मुख्य जोर 'ती' वर आणि दुय्यम 'शून' वर. केळ्याचं साल बानानस्काल, जोर 'नान' वर. उनिव्हर्सितेत्सस्यूकेहूस मध्ये तर चार अक्षरं हलकी गेल्यावर 'तेत' वर वजन येतं, मग 'स्यू' वर थोडं. ओस्लोत मायूरस्तूआ स्टेशनवर घोषणा नीट ऐका, जोर 'यूर' वर आहे कारण तो मेजर शब्द आहे. आणि येर्नबानेतोर्गे म्हणजे रेल्वेचा चौक, तिथे अगदी सुरुवातीच्या 'येर्न' वर, कारण येर्न म्हणजे लोखंड हा इथलाच शब्द.

एक आडवाट म्हणजे पूर्वेकडच्या बऱ्याच बोलींत लोक बाहेरच्या शब्दांनाही ओढून पहिल्या अक्षरावर आणतात, बाऽनान, पोऽलिती. तुमच्या गावात तसं ऐकू आलं तर ती चूक नाही, पण परीक्षेत वहिनींच्या मॅडमसारखं म्हणा.

---

पाऊलवाट

मी मुंबईत स्पीच थेरपिस्ट आहे आणि स्वीडिश-नॉर्वेजियन ऐकायला आवडतं. जोराबद्दल एक गोष्ट राहून जातेय, अक्षराची लांबी.

नॉर्वेजियनमध्ये जोराचं अक्षर जड असावंच लागतं. एकतर स्वर लांब आणि पुढचं व्यंजन आखूड, नाहीतर स्वर आखूड आणि व्यंजन लांब. ताक (आपण पितो त्याच उच्चाराचं) म्हणजे छप्पर. ताक्क म्हणजे धन्यवाद. स्वर लांबवला तर छप्पर, क दाबला तर धन्यवाद. मराठीत अक्षराच्या लांबीचं जोराशी असं बांधलेलं नातं नाही, म्हणून आपण दोन्ही मध्येच कुठेतरी म्हणतो.

आता सामासिक शब्दात दुसऱ्या तुकड्यावर दुय्यम जोर असतो म्हणजे त्याचीही लांबी शाबूत राहते. घराचं छप्पर हूसताक, तिथे 'हू' लांब आणि 'ता' सुद्धा लांब. आपण पहिल्यावर जोर द्यायच्या नादात दुसऱ्याला आखूड करून टाकतो आणि मग शब्द ओळखू येत नाही. जोर देणं म्हणजे ओरडणं नाही, वेळ देणं. हाताने टेबलावर ठेका धरून म्हणून बघा, एक मोठा ठोका आणि एक छोटा ठोका, मधली ए-स वगैरे अक्षरं ठोक्याविना.

---

माहेर_सातारा

मी फक्त एक आनंदाची गोष्ट सांगायला आले. ओस्लोकडच्या उच्चारात र च्या पुढे त, द, न आले की दोन्ही मिळून आपले ट, ड, ण होतात! बार्न म्हणजे मूल, ते खरं म्हणतात बाण. अगदी आपला धनुष्यबाणातला बाण. म्हणजे बार्नेहागे ऐकायला बाणेहागे. माझ्या वर्गातल्या स्पॅनिश आणि इटालियन मुलींना हे महिनोन् महिने जमलं नाही आणि मला पहिल्या दिवशी जमलं. र पुढे स आला की श सारखं होतं, वाढदिवस बुर्सदाग लिहितात आणि बुश्दाग म्हणतात.

आणि हे सांध्यावरही होतं. सॉमेर म्हणजे उन्हाळा, सूल म्हणजे सूर्य, उन्हाळ्यातलं ऊन सॉमेरसूल, म्हणताना सॉमेशूल. र आणि स दोन वेगळ्या तुकड्यांतले, तरी मिसळले. आपला संधीच की! फक्त आपण संधी लिहितोही, हे लिहीत नाहीत, म्हणून ऐकलेलं आणि वाचलेलं जुळत नाही. वेसलान म्हणजे पश्चिम किनाऱ्याकडे मात्र हे होत नाही, तिथे र स्वतंत्र राहतो, बर्गनची ताई सांगेलच.

---

धुकं_आणि_पाऊस

हो, इथे बर्गनला र घशातून काढतात, फ्रेंचसारखा, त्यामुळे ट-ण काही होत नाही. बार्न म्हणजे बार्नच.

---

गोदाकाठ

ट्रॉनहाइमला आणि पूर्वेच्या गावांत अजून एक आवाज आहे, जाड ल म्हणतात. सूल मधला ल तसा म्हणतात. बरेच मराठी लोक त्याला ळ समजतात, पण जीभ मागून पुढे आपटत येते, आपल्या गाडीतल्या ड च्या जास्त जवळ.

---

कोकणकडा

थोडा विरोधी सूर लावू का. बोलताना जोर कळला, मान्य. पण लिहिताना शब्द तोडून लिहिला तर काय बिघडतं? आपण साखर कारखाना सुटा लिहितो, बस स्थानक कोणी सुटं लिहितं कोणी जोडून, सगळ्यांना कळतं. उगाच साठ अक्षरांच्या माळा कशाला?

---

गोदाकाठ

कारण त्यांचं लिहिणं जोराचंच चित्र आहे. एक मुख्य जोर, एक शब्द. दोन जोर, दोन शब्द. मध्ये जागा सोडली की वाचणारा मनात दोन जोर देतो आणि अर्थ फिरतो. याला सॅश्क्रीविंग म्हणतात आणि इथे लोक त्यावर मनापासून चिडतात, पाट्यांचे फोटो काढून एकमेकांना दाखवतात. लाम्मेलोर म्हणजे कोकराची तंगडी, तोडून लाम्मे लोर लिहिलं की लुळ्या पडलेल्या मांड्या. रोय्कफ्रित म्हणजे धूम्रपानमुक्त, मध्ये जागा सोडून रोय्क फ्रित लिहिलं तर खुशाल ओढा! एकाच पाटीचा अर्थ बरोबर उलटा झाला. आनानासबीतेर म्हणजे अननसाचे तुकडे, तोडलं तर अननस चावतो. इंग्लिशच्या वळणाने लिहायची सवय झाली म्हणून हे वाढतंय असं पुष्कळांचं म्हणणं आहे, आणि सरकारी भाषा परिषद, स्प्रोकरोद, तिचा सल्लाही अगदी साधा आहे, म्हणून बघा, एका जोरात येत असेल तर एकत्र लिहा. त्या परिषदेचं नावसुद्धा सामासिक, भाषा-मंडळ.

---

पाटीपेन्सिल

कोकणकडा, मी गोदाकाठांच्या बाजूने. मराठीतही सामासिक शब्द एकत्र लिहायचा असाच नियम आहे, आपण तो सोडत चाललोय इतकंच. साखर कारखाना सुटं लिहून चालतं कारण आपला अर्थ जोरावर टांगलेला नाही. त्यांचा आहे. ज्या भाषेत उच्चाराने अर्थ बदलतो तिथे लिहिणाऱ्याने तो उच्चार सांभाळलाच पाहिजे.

आणि साठ अक्षरांची माळ कुठली म्हणताय?

---

कोकणकडा

ताई, मिनोरितेत्सलादनिंग्सबॅरेरदिफ्फूशून्सकूएफ्फिशिएन्तमोलिंग्सआप्पारातूर. मूळ लिपीत मोजली तर बरोबर साठ अक्षरं.

---

गोदाकाठ

हा शब्द दाखवायला म्हणूनच वापरतात, पण तोच घेऊ. उजवीकडून. आप्पारातूर, उपकरणं. कशाची? मोलिंग्स, मोजण्याची. काय मोजायचं? कूएफ्फिशिएन्त, गुणांक. कसला? दिफ्फूशून्स, विसरणाचा (म्हणजे पसरण्याचा, डिफ्यूजनचा). कशाच्या? लादनिंग्सबॅरेर, विद्युतभार वाहणाऱ्यांच्या. कुठल्या? मिनोरितेत, अल्पसंख्य. सेमीकंडक्टरमधल्या अल्पसंख्य भारवाहकांचा विसरण गुणांक मोजायचं उपकरण. तेत, इंग, शून, इंग, चारही ठिकाणी स हजर, वर सांगितलेल्या प्रत्ययांप्रमाणे. आणि या एवढ्या माळेतही मुख्य जोर एकच, मिनोरितेत च्या 'तेत' वर.

---

माहेर_सातारा

पाटीपेन्सिल ताई, नातू तुम्हाला काय म्हणतो, आजी की मुर्मुर?

---

पाटीपेन्सिल

घरात आजी, बाहेर मित्रांना सांगताना मुर्मुर. मुर म्हणजे आई, म्हणून आईची आई. वडिलांची आई फारमुर, आईचे वडील मुरफार. आपण दोघींना आजीच म्हणतो, विचारावं लागतं आईकडची की वडिलांकडची. त्याला ते विचारावंच लागत नाही. मी त्याला मूऽरमूऽर असं दोन्ही सारखं ओढून म्हटलं तर तो मला थांबवून परत म्हणायला लावायचा, पहिला मुर मोठा, दुसरा लहान. तेव्हा वाटायचं मुलाचा खेळ आहे. आता इथे वाचून कळलं की तो मला जोर शिकवत होता. पाच वर्षांचा आहे.

---

उंबरा

तीन आठवड्यांनी परत आलो, मध्ये सगळ्यांना घरी ताप होता.

पाऊलवाट यांनी सांगितलेला टेबलावरचा ठेका आम्ही तिघांनी जेवताना सुरू केलाय. बार्नेहागेच्या फाटकावर जी यादी लावतात ती रोज एक शब्द घेऊन. स्किफ्तेतोय, बदलायचे कपडे. रेग्नतोय, पावसाचे कपडे. सूलक्रेम, उन्हाचं क्रीम. उल्लुन्नेरतोय, इथे मी अडकलो, उल्लुन्नेर असं काही आहे का आणि त्याचं तोय? मध्ये स नव्हता, तेव्हा डावीकडे दोन तुकडे नसावेत असं गोदाकाठांचं आठवून उजवीकडून तोडलं. उन्नेरतोय म्हणजे आतले कपडे, आणि पुढे उल्ल, लोकर. लोकरीचे आतले कपडे. मोठा ठोका उल्लवर. मुलीने माझ्या आधी धरला होता.

पुढचा प्लानलेग्गिंग्सदाग कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवलाय, आणि मे महिन्यात १७ तारखेला बार्नेतोग आहे. कोकणकडा, तुमच्यासाठी, ही मुलांची ट्रेन नाही, तोग म्हणजे मिरवणूकही, मुलांची मिरवणूक.

काल शेजारी जिन्यात भेटला. मी तेच वाक्य म्हटलं, जुनंच, आमचे नॉर्श्कलॅरेर पोलंडचे आहेत. नॉर्श्कवर वेळ दिला, लॅरेर एक पायरी खाली ठेवलं पण लांबी सोडली नाही. तो लगेच म्हणाला हो का, क्राकोचे की काय, त्याची बहीण तिथे शिकायला होती. आणि मग तो शीस्मोरिंगबद्दल बोलायला लागला. हा शब्द मी आधी कुठे वाचलेला नव्हता, क्लासमध्येही आला नव्हता. शी म्हणजे बर्फावरची स्की, स्मोरिंग म्हणजे चोपडायचं ते. स्कीला लावायचं मेण. जिन्यात उभ्या उभ्या, नुसतं ऐकून तुटला.